विसरणाऱ्या माणसाचं ताट

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला स्मृतिभ्रंश झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं की पहिला प्रश्न औषधाचा असतो आणि दुसरा हमखास खाण्याचा. मग सल्ल्यांची रीघ लागते. कुणी बदाम भिजत घालायला सांगतं, कुणी अक्रोड, कुणी ब्राह्मीघृत, कुणी हळदीचं दूध. मोबाईलवरच्या एखाद्या व्हिडिओत खोबरेल तेलाचे चमचे मोजून दिलेले असतात. दुसरीकडे साखर बंद, भात बंद, तूप बंद अशी पथ्यंही वाढत जातात. या धावपळीत एक साधी चौकशी राहून जाते: आज त्यांच्या पोटात पुरेसं अन्न गेलं का?

हा प्रश्न माळव्यातल्या उज्जैनच्या मराठी घरांत नीट पाहता येतो. इथला मराठी माणूस शिंदेशाहीपासूनचा. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात महाकालाचं मंदिर पुन्हा उभं केलं. पुढे दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, तरी इथे रुजलेली मराठी घरं राहिली. त्यांच्या स्वयंपाकघरात वरण-भाताशेजारी दाल-बाफले आले, सकाळी पोह्यांवर शेव आली, सोबत जिलेबी आली. पण पंचांग मात्र दक्षिणेचंच राहिलं. त्यामुळे शेजारच्या हिंदी घरातला सावन राखीपौर्णिमेला संपतो, तेव्हा मराठी घरातला श्रावण अर्ध्यावर आलेला असतो.

श्रावणी सोमवारचा उपास इथे जीवापाड पाळला जातो. स्मृतिभ्रंशात ताज्या आठवणी आधी जातात, जुने संस्कार उशिरापर्यंत टिकतात. सकाळी नाश्ता केला हे आजींना आठवत नाही, पण सोमवारी जेवायचं नसतं हे पक्कं आठवतं. मग कधी मंगळवारीही त्यांचा सोमवारच असतो. त्यांना मोडता घालायला सुनेचं मन धजत नाही. तरीही घातला पाहिजे, कारण या आजारात वजन उतरणं ही नेहमीची आणि गंभीर गोष्ट आहे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना तर उपाशी राहिल्यामुळे रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. उपास त्यांना प्यारा असेल तर उपासाचंच ताट भरून वाढावं. दूध, दही, राजगिरा, दाण्याची आमटी, इथे मोरधन म्हणतात ती भगर. वाटीभर साबुदाण्यावर दिवस काढू देऊ नये.

शाकाहारी घरांसाठी सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा बी-१२ जीवनसत्त्वाचा आहे. धान्य, डाळी, भाज्यांत ते नैसर्गिकरीत्या नसतं. दूध-दह्यात थोडं, अंडी-मासे-मांसात भरपूर. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे आणि परिसरातल्या ४४१ पुरुषांपैकी ६७ टक्क्यांच्या रक्तात बी-१२ कमी आढळलं. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होतं. उज्जैनमधल्या मराठी मध्यमवर्गाचं ताट याहून फार वेगळं नाही. बी-१२ ची तीव्र कमतरता स्मृतीवर, चालीवर, मनःस्थितीवर परिणाम करते आणि वेळेत सापडली तर इंजेक्शन-गोळ्यांनी ती भरून काढता येते. वय वाढलं की हे जीवनसत्त्व शोषलं जाणंही कमी होतं. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनच्या आणि ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ते आणखी घटतं. ‘आता वय झालं’ म्हणून ही तपासणी न करणं हा त्या माणसावर अन्याय आहे. अर्थात, बी-१२ म्हणजे अल्झायमरचं औषध नव्हे. अमेरिकेत अल्झायमरच्या रुग्णांना दीड वर्ष ‘ब’ जीवनसत्त्वांचे मोठे डोस देऊन पाहिले गेले. २००८ मध्ये निष्कर्ष आला, की आकलनशक्तीची घसरण त्यामुळे मंदावली नाही.

आहाराने आजार टळतो का, या प्रश्नावरही जपून बोललेलं बरं. शिकागोच्या संशोधक मार्था क्लेअर मॉरिस यांनी पालेभाज्या, बेरीवर्गीय फळं, कडधान्यं, सुकामेवा यांवर भर देणारा ‘माइंड’ आहार मांडला. २०१५ मधली त्यांची निरीक्षणं फार आशादायक होती. पण ६०४ ज्येष्ठांवर तीन वर्षं केलेल्या चाचणीचा निकाल २०२३ मध्ये लागला, तेव्हा हा आहार घेणारे आणि नेहमीचंच जेवण थोडं कमी करणारे यांच्यात ठळक फरक दिसला नाही. हळदीतल्या कर्क्युमिनच्या रुग्णांवरील चाचण्यांतूनही हाती काही लागलं नाही. फिनलंडमध्ये मात्र १,२६० ज्येष्ठांवर झालेल्या प्रयोगात आहार, व्यायाम, बुद्धीला चालना आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष हे सगळं दोन वर्षं एकत्र केल्यावर थोडा, पण खरा फायदा आढळला.

म्हणूनच मेंदूची काळजी चाळिशीत सुरू झाली पाहिजे. भारतात साठीपुढच्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये मांडला गेला. उच्च रक्तदाब, मधुमेह आणि वाढलेलं कोलेस्टेरॉल ही त्याला हातभार लावणारी, पण आटोक्यात ठेवता येणारी कारणं आहेत आणि तिन्हींचा रस्ता ताटातून जातो. शेव, कचोरी, पापड, लोणचं यांतलं मीठ दिसत नाही, पण रक्तदाबाच्या माणसाला ते भोवतं. माळव्याने हे पदार्थ सोडावेत असं कुणी म्हणणार नाही. रोज सकाळी खाऊ नयेत, एवढं नक्की म्हणावं लागेल.

आजार जडल्यावर मात्र नियम उलटा होतो. पोषणतज्ज्ञांच्या युरोपीय संस्थेने २०१५ च्या मार्गदर्शनात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवर खाण्याची कडक बंधनं लादू नयेत आणि कमतरता नसताना पूरक गोळ्यांचा मारा करू नये, असं सांगितलं आहे. ऐंशीच्या आजोबांना जिलेबीचं एक वेढं आवडत असेल तर त्यांच्या डॉक्टरांशी बोलून मुभा काढावी. दात आणि गिळणं कमकुवत झालं असेल तर मालवी थुली, म्हणजे गव्हाचा दलिया, दुधात शिजवावी, बाफला डाळीत कुस्करून द्यावा. पांढऱ्या ताटलीत दहीभात वाढला तर क्षीण नजरेला तो दिसतच नाही. बोस्टनमधल्या एका छोट्या अभ्यासात गडद लाल भांडी वापरल्यावर अल्झायमरच्या रुग्णांचं खाणं २५ टक्क्यांनी आणि पिणं ८४ टक्क्यांनी वाढलं होतं. माळव्यातल्या मे महिन्यात तहान लागल्याचं विसरणाऱ्या माणसाला पाणी, ताक किंवा पन्हं आपण होऊन हातात द्यावं लागतं. टीव्ही बंद करून शेजारी बसून जेवलं तर असे रुग्ण समोरच्याचं पाहून घास उचलतात. हे सगळं घरातल्या एकाच बाईवर टाकून मुलगे मोकळे होत असतील तर कोणताही आहारतक्ता टिकणार नाही.

घरात असं कुणी असेल तर येत्या तपासणीत साखर आणि थायरॉईडबरोबर बी-१२ ही चाचणीही डॉक्टरांकडून लिहून घ्या. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्यांचं वजन करून वहीत मांडा आणि ते उतरू लागलं, तर पुढच्या महिन्याची वाट पाहू नका.