खेळातला सिंह आणि हिशेबातला सिंह

सुट्टीत नातू घरी आला की दिवाणखान्यातील दूरचित्रवाणी संचाचा ताबा त्याच्याकडे जातो. या वेळी पडद्यावर इजिप्त अवतरला होता. ‘असॅसिन्स क्रीड’ या ऐतिहासिक व्हिडिओ गेमच्या मालिकेतील, २०१७ साली आलेला ‘ओरिजिन्स’ हा भाग. काळ इ.स.पू. ४९, टॉलेमी घराण्याच्या सत्तेचा उतार. नायक सिवा या मरूद्यानातील बायेक. नाईलचे पात्र, खजुराची बने, अलेक्झांड्रियाचे रस्ते हे सारे इतके देखणे की मीही खुर्ची पुढे ओढून बसलो. तेवढ्यात खडकाआडून सिंह धावून आला. नातवाने बाण सोडले, सिंह कोसळला, त्याचे कातडे खात्यात जमा झाले. “आजोबा, थोड्या वेळाने इथे परत आलो ना, की पुन्हा सिंह असेल,” असे त्याने मला समजावून सांगितले.

ज्याचे सारे आयुष्य बँकेत जमाखर्च तपासण्यात गेले, त्याला हे वाक्य खटकल्यावाचून राहत नाही. काढलेली रक्कम आपोआप भरून येणारे खाते मी तरी पाहिलेले नाही. म्हणून प्राचीन जगातील सिंहांचे खरे खाते काय सांगते, ते पाहावे असे वाटले.

मालिकेतील पुढचा भाग ‘ओडिसी’ हा ग्रीसमध्ये घडतो. साल इ.स.पू. ४३१, अथेन्स आणि स्पार्टा यांच्या महायुद्धाचा आरंभ. यात आर्गोलिसच्या प्रदेशात पुराणकथेतील नेमियाचा सिंह मारावा लागतो. ज्याच्या कातड्याला शस्त्र भेदू शकत नव्हते आणि ज्याला हेराक्लीसने गळा आवळून मारले, तोच हा सिंह. गंमत अशी की याच खेळात इतिहासकार हेरोडोटस नायकाबरोबर जहाजावर फिरतो, आणि ग्रीक भूमीवर सिंह कोठे होते हे लिहून ठेवणारा माणूस नेमका तोच! त्याच्या म्हणण्याप्रमाणे युरोपात सिंह आढळत ते अब्देरा नगरातून वाहणारी नेस्टोस आणि अकार्नानियातून वाहणारी अकेलूस या दोन नद्यांच्या दरम्यानच. एकीच्या पूर्वेस नाहीत, दुसरीच्या पश्चिमेस नाहीत. नेमिया या पट्ट्याच्या बाहेर, दक्षिणेकडील पेलोपोनीजमध्ये आहे. पुराणकथेला नकाशाचे बंधन नसते, हे मान्य. शिवाय त्याच आर्गोलिसमधील टिरिन्स येथे ताम्रपाषाणयुगानंतरच्या, म्हणजे कांस्ययुगाच्या अखेरच्या काळातील सिंहाची हाडे उत्खननात मिळाली आहेत, आणि जवळच मायसीनीच्या वेशीवर समोरासमोर उभे असलेले दोन दगडी सिंह सुमारे सव्वातीन हजार वर्षे आहेत. म्हणजे कथेच्या मुळाशी कधीकाळचा खरा सिंह असू शकेल. परंतु हेरोडोटसच्या काळापर्यंत त्याचे क्षेत्र उत्तरेकडे सरकले होते.

त्या उत्तरेकडील सिंहांची एक हकिकत हेरोडोटसने सांगितली आहे. इ.स.पू. ४८० मध्ये इराणचा सम्राट झर्क्सीझ याचे प्रचंड सैन्य मॅसिडोनियाच्या बाजूने ग्रीसवर चालून येत होते. रात्री सिंह आपल्या जागा सोडून खाली उतरत आणि सामान वाहणाऱ्या उंटांवर तुटून पडत. माणसाला नाही, अन्य जनावराला नाही; फक्त उंटांना! ज्या प्राण्याला त्यांनी पूर्वी कधी पाहिलेही नव्हते, त्यालाच का धरावे, याचे हेरोडोटसला मोठे नवल वाटले.

खेळातील सिंह मात्र माणूस दिसताच अंगावर येतो. त्याला दुसरे कामच दिलेले नाही. जुन्या नोंदी वाचताना चित्र नेमके उलटे दिसते. झेनोफनने शिकारीवर एक लहानसा ग्रंथ लिहिला. त्यात पँगायॉन पर्वतासारख्या दुर्गम ठिकाणच्या सिंह-बिबट्यांना मारण्याची एक रीत अशी दिली आहे, की त्यांना आवडणाऱ्या खाद्यात बचनागाचे विष कालवावे आणि ते पाणवठ्याच्या आसपास ठेवावे. याला शौर्य कसे म्हणावे, हे मला कळत नाही. ॲरिस्टॉटलने पुढच्या शतकात त्याच दोन नद्यांचा उल्लेख केला आणि सिंह दुर्मिळ असल्याचेही म्हटले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील वक्ता डिओ क्रिसोस्टोम सांगतो, की युरोपात आता सिंह उरलेले नाहीत. खाते बंद!

इजिप्तचे खाते याहून जुने. फारो अमेनहोतेप तिसरा याने भुंग्याच्या आकाराच्या लहान मुद्रा घडवून वाटल्या. राज्याच्या पहिल्या दहा वर्षांत आपण स्वतःच्या बाणांनी शंभरावर सिंह मारले, असे त्यांवर कोरलेले आहे. हा बायेकच्या आधी तेराशे वर्षांचा काळ. त्याच देशात सिंहमुखी सेखमेत देवीची पूजा होत होती, आणि सक्कारा येथे तुतानखामेनच्या दाईच्या थडग्यात २००१ साली सिंहाचा पूर्ण सांगाडाही सापडला. पूजा आणि शिकार यांत त्या लोकांना विरोध दिसला नसावा.

खरा मोठा खर्च रोमचा. ‘ओरिजिन्स’ची कथा ज्या सीझरच्या हत्येपर्यंत जाते, त्याच सीझरने लोकरंजनासाठी चारशे सिंह दाखवल्याचे प्लिनी नोंदवतो. त्याआधी पॉम्पीने सहाशे आणले होते आणि त्यांतील ३१५ आयाळवाले होते. ही मोजदाद इतकी काटेकोर, की वाचताना एखाद्या गोदामाचे साठापुस्तक उघडल्यासारखे वाटते. फक्त जमेची बाजू कोठेच नाही.

उत्तर आफ्रिकेतील रानटी सिंह विसाव्या शतकात संपले. २०१७ साली, म्हणजे हा खेळ आला त्याच वर्षी, मार्जारकुळाच्या अभ्यासकांनी वर्गीकरण नव्याने मांडले. त्यानुसार ते उत्तर आफ्रिकी सिंह आणि आपले गीरचे सिंह एकाच उपजातीत येतात. गीरमध्ये आणि त्याच्या परिसरात २०२५च्या गणनेत ८९१ सिंह मोजले गेले. पॉम्पी आणि सीझर यांच्या आकड्यांची बेरीज याहून अधिक भरते.

निर्मात्यांच्या बाजूनेही एक नोंद करायला हवी. युबिसॉफ्ट कंपनीने २०१८ साली याच इजिप्तची एक शैक्षणिक सफर काढली. तिच्यात लढाई नाही. केवळ फिरावे, पाहावे, माहिती ऐकावी. नातवाला ती लावायला सांगितली. प्रथम तो कंटाळला, मग पिरॅमिडच्या आतील वाटा पाहण्यात गुंगला.

जेवताना त्याला झर्क्सीझच्या उंटांची गोष्ट सांगितली. पोळीचा तुकडा हातातच ठेवून त्याने विचारले, “पण आजोबा, फक्त उंटच का?” हेरोडोटसलाही हेच पडले होते, असे मी म्हणालो. “त्यालाही माहीत नव्हतं?” असे म्हणून तो हसला आणि त्याने आणखी एक पोळी मागितली.