सही कुणाची?

२४ जुलै हा आयकर दिन. १८५७च्या उठावानंतर रिती झालेली तिजोरी भरण्यासाठी ब्रिटिश राजवटीतील अर्थ सदस्य जेम्स विल्सन यांनी आणलेला आयकराचा कायदा १८६० मध्ये याच दिवशी लागू झाला. राज्य परके होते, कर लादलेला होता. आज तोच कर आपण आपल्याच देशासाठी भरतो आणि त्याचा हिशेब घरबसल्या फोनवरून देतो. पोच घेण्यासाठी कार्यालयाच्या खिडकीपाशी ताटकळणे, परताव्यासाठी महिनोन्‌महिने हेलपाटे घालणे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना बेंगळुरूच्या केंद्रातून थेट बँक खात्यात येणाऱ्या परताव्याचे मोल सांगावे लागत नाही. ३१ जुलै २०२४ या एका दिवसात ६९ लाखांहून अधिक विवरणपत्रे दाखल झाली. कागदी कारभाराला हे झेपणे शक्यच नव्हते.

पण विवरणपत्रांच्या दिवसांत घरोघरी ते भरून देणाऱ्याचा एक फोन येतो : ‘काका, ओटीपी आला असेल, तेवढा सांगा.’ काका चष्मा शोधतात, सहा आकडे वाचून दाखवतात आणि विवरणपत्राची पडताळणी पूर्ण होते. आत काय लिहिले आहे, हे काकांनी पाहिलेले नसते. त्या सहा आकड्यांनी मात्र त्यांनी कायद्यासमोर प्रतिज्ञा केलेली असते, की यातली माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आणि पूर्ण आहे. कागदावर सही करताना निदान कागद तरी समोर असायचा.

याची किंमत किती मोठी असते, ते जुलै २०२५ मध्ये दिसले. खोट्या वजावटी दाखवून परतावे काढून देणाऱ्यांवर आयकर विभागाने देशभर दीडशे ठिकाणी कारवाई केली. घरभाडे, शैक्षणिक कर्ज, आरोग्य विमा, राजकीय पक्षांना देणग्या; जे नव्हते ते सारे दाखवले जात होते आणि परताव्यात दलालाचा वाटा ठरलेला होता. विवरणपत्रे भरण्यापुरते तात्पुरते ईमेल पत्ते उघडून नंतर वाऱ्यावर सोडले जात. त्यामुळे नोटिसा यायच्या, पण करदात्याच्या नजरेस पडायच्याच नाहीत. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतले होते. त्यातले काही जण लोभाने फसले असतील. पण दुसऱ्याने काय भरले हे ठाऊकच नसलेले किती असतील, या विचाराने मन अस्वस्थ होते.

दुसऱ्याची मदत घेण्यात गैर काहीच नाही. सनदी लेखापाल, कर सल्लागार यांचे ज्ञान लागतेच. पण ‘पाठवा’ म्हणण्याआधी भरलेल्या विवरणपत्राची पूर्ण प्रत मागावी. त्यातला ईमेल आणि मोबाइल क्रमांक आपलाच आहे ना, हे पाहावे. २०२१ पासून पोर्टलवर मिळणारे वार्षिक माहिती विवरणपत्र, म्हणजे एआयएस, एकदा सावकाश वाचावे. बँकेचे व्याज, लाभांश, शेअर आणि म्युच्युअल फंडांचे व्यवहार त्यात आधीच येऊन बसलेले असतात. नोंद चुकीची असेल तर तिथेच हरकत नोंदवता येते.

हे सारे नागरिकावर टाकून सरकारला मोकळे होता येणार नाही. ज्या निवृत्त शिक्षिकेच्या ठेवीवर बँकेने कर कापला, पण एकूण उत्पन्नावर कर लागतच नाही, तिला स्वतःचेच पैसे परत मिळवायला विवरणपत्र भरावे लागते. दलालाच्या दारी नेमकी तीच जाते. गावोगावी आपले सरकार सेवा केंद्रे आहेत, टपाल कार्यालये आहेत. जून-जुलैचे दोन महिने तिथे एक प्रशिक्षित माणूस बसवावा. त्याने तिचे विवरणपत्र मराठीत ओळीओळीने वाचून दाखवावे, तिच्या शंका ऐकाव्यात आणि मगच तिला फोनवरचा ओटीपी तिच्याच हाताने टाकू द्यावा.