आकडी आणि पाच मिनिटे : एका मोजमापाचा इतिहास

१/ गेल्या वर्षी वाचनकक्षात एका सहाध्यायाला आकडी आली. कोणी नाकाशी चप्पल धरली, कोणी कांद्यासाठी कँटीनकडे धावले, कोणी मुठीत किल्ल्या कोंबल्या. घड्याळाकडे मात्र कोणीच पाहिले नाही; मीही नाही. हा धागा त्या चुकीतून जन्मला.

२/ अपस्माराच्या नोंदी अतिप्राचीन आहेत. बॅबिलोनियातील 'सकिक्कू' हा रोगनिदानग्रंथ इसवी सनपूर्व अकराव्या शतकात सिद्ध झाला. त्यात झटक्यांचे वर्णन सूक्ष्म आहे, कारण मात्र पिशाच्चबाधा. इ.स.पू. ४०० च्या सुमारास हिप्पोक्रेटिसच्या परंपरेने हा रोग इतर रोगांहून अधिक 'पवित्र' नसल्याचे बजावले. चरकसंहितेने दोषांनुसार त्याचे चार प्रकार मानले. चालू झटका खात्रीने थांबवणारे औषध मात्र यांपैकी कोणाकडेही नव्हते.

३/ न थांबणाऱ्या झटक्यांची अवस्था वेगळी ओळखली गेली ती पॅरिसमध्ये. १८२४ साली लुई काल्मेय याने आपल्या प्रबंधात तिला 'एता द माल' म्हटले. पुढे ब्रोमाइड (१८५७) आणि फेनोबार्बिटल (१९१२) यांनी झटक्यांची वारंवारता घटवली. पण चालू झटका त्वरित थांबवणे ही निराळीच समस्या होती.

४/ ती सुटू लागली १९६० च्या दशकात. लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाने घडवलेले डायझेपाम १९६३ मध्ये बाजारात आले. १९६५ मध्ये मार्सेयच्या आंरी गास्तो यांनी ते शिरेतून देऊन दीर्घ झटके थांबवल्याचे नोंदवले. पण शीर शोधायला प्रशिक्षित हात हवा. म्हणजे उपचार रुग्णालयातच अडकला.

५/ दरम्यान व्याख्या बदलली. 'दीर्घ' म्हणजे किती? १९९३ मध्ये उत्तर होते ३० मिनिटे. १९९९ मध्ये तीन अमेरिकी मेंदूतज्ज्ञांनी ५ मिनिटांचा आग्रह धरला. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघटनेने सर्वांगाला येणाऱ्या आकडीसाठी उपचार सुरू करण्याची तीच मर्यादा मान्य केली. बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटे ओलांडलेली सहसा थांबत नाही. शिवाय झटका लांबत जाईल तसे, औषध ज्यांवर काम करते ते ग्राहक मज्जापेशींच्या पृष्ठभागावरून आत ओढले जातात आणि औषधाचा प्रभाव ओसरतो.

६/ मग रुग्णवाहिकेतच औषध दिले तर? श्वास मंदावेल, ही भीती होती. सॅन फ्रान्सिस्कोत २०५ रुग्णांवर झालेला अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णालयात पोहोचेपर्यंत झटका थांबलेले रुग्ण : लोराझेपाम ५९ टक्के, डायझेपाम ४३, निष्क्रिय द्रव २१. श्वसन व रक्ताभिसरणाच्या गुंतागुंती निष्क्रिय द्रवाच्या गटातच सर्वाधिक आढळल्या. औषधापेक्षा थांबून राहणे अधिक घातक ठरले.

७/ २०१२ मध्ये आणखी एक पाऊल. मांडीच्या स्नायूत टोचलेले मिडाझोलम ७३ टक्के रुग्णांत यशस्वी ठरले, शिरेतले लोराझेपाम ६३ टक्क्यांत. शीर शोधण्यात जाणारा वेळ वाचला, हे त्यामागचे मोठे कारण. आज तेच मिडाझोलम गालात किंवा नाकात देता येते आणि वैद्यांनी शिकवले असेल तर घरची माणसेही देऊ शकतात.

८/ म्हणून माझे मत : हा औषधांच्या शोधापेक्षा अंतर मिटवण्याचा इतिहास आहे. उपचार रुग्णालयातून रुग्णवाहिकेत आणि तिथून शेजारच्या माणसाच्या हातात आला. तो माणूस मात्र अजून चप्पल शोधतो आहे. आकडी आपोआप थांबते आणि श्रेय चपलेला जाते. आपल्या परंपरेत याला नाव आहे : काकतालीय न्याय.

९/ पण अज्ञानाहून लपवणूक वाईट. वारंवार झटके येणाऱ्या व्यक्तीला विवाहास अपात्र ठरवणारा शब्द हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने आला आणि १९९९ मध्ये वगळला गेला. म्हणजे हा कलंक केवळ जुन्या अंधश्रद्धेचा नाही, आधुनिक कायद्यानेही तो जपला. कायदा बदलला, घरे अजून आजार लपवतात. आजार लपला की शेजारच्या माणसाला काय करायचे ते ठाऊक नसते आणि ती पाच मिनिटे वाया जातात.

१०/ तेव्हा एवढे लक्षात ठेवा. वेळ पाहा. माणसाला कुशीवर वळवा. तोंडात काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटे झाली, किंवा शुद्ध न येता दुसरा झटका आला, की १०८ ला फोन करा. आमचा सहाध्यायी वाचला. तो किती मिनिटे तडफडत होता, याची नोंद मात्र कुठेही नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्यांच्या खोलीत घडलेली ही घटना आहे, याची खंत वाटते.