लेखणीचा सातबारा

लिहून पोट भरते का, हा मराठीतला फार जुना प्रश्न आहे आणि त्याचे उत्तरही तेवढेच जुने आहे. भरत नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ काढले, त्यातून आठवड्याच्या आठवड्याला कादंबऱ्यांची प्रकरणे वाचकांना दिली; पण हाताशी आनंदाश्रमाचे व्यवस्थापकपद होते. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला आणि पुढे दिवाळी अंक हाच आपल्या लेखकाचा वार्षिक हंगाम होऊन बसला. या व्यवहारात एक शब्द रूढ झाला, ‘मानधन’. मान आधी, धन सवडीने. हजारावर रहस्यकथा लिहिणारे बाबुराव अर्नाळकर हे अपवादातले. बाकी आमची सगळी जमात शाळा, कचेऱ्या आणि बँका यांच्या पगारावर पोसली गेली. मीही त्यातलाच. कादंबऱ्यांनी मला नाव दिले, घर दिले ते बँकेने.

म्हणून कळंबची, मंचरची पोरे हल्ली येऊन विचारतात, की काका, घरबसल्या मोबाइलवर लिहून पैसे मिळतात म्हणे, खरे का, तेव्हा मला आधी बरे वाटते. प्रश्न विचारताना ती लाजत नाहीत. आमच्या पिढीत संपादकाला पैशाचे विचारणे म्हणजे देवळात चपला घालून जाण्यासारखे होते. पैसे मिळतात, असेच मी त्यांना सांगतो. पण लगेच दुसरा प्रश्न विचारतो. मजुरीने लिहिणार की स्वतःच्या रानात? घोड नदीच्या काठच्या पोरांना हा फरक फोड करून सांगावा लागत नाही.

मजुरीचे लेखन म्हणजे शब्दाला इतके पैसे. कोणा दुकानाच्या मालाचे वर्णन, मधुमेहात काय खावे याची माहिती, राशिभविष्य, इंग्रजी मजकुराचा मराठी अनुवाद. देणारा पुण्यात असेल, दिल्लीत असेल, अपवर्क किंवा फायव्हरसारख्या बाजारातून आलेला परदेशी गिऱ्हाईक असेल. लेखकाचे नाव कुठेही येत नाही आणि एकदा पैसे घेतले की मजकुराशी संबंध संपला. मला पोरांनी जे दर सांगितले ते शब्दाला वीस-पंचवीस पैशांपासून सुरू होतात. रुपया मिळाला तर तो भाग्यवान. पंचवीस पैशांनी हजार शब्दांचे अडीचशे रुपये झाले. हजार शब्द नीट लिहायला, तपासायला, गिऱ्हाइकाने दोनदा परत पाठवल्यावर पुन्हा करायला दिवस जातो. आमच्याकडे कांदा काढायला जाणाऱ्या बाईचा रोज याहून जास्त आहे, आणि तिला संध्याकाळी हातात पैसे मिळतात. मजुरीत कमीपणा मुळीच नाही. फक्त तिला ‘लेखक म्हणून करिअर’ असे गोंडस नाव देऊन शिकवणीवर्गाची फी घेणारे जे निघाले आहेत, त्यांचा मला राग येतो.

त्यातून ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आले. मधुमेहात काय खावे हे आता यंत्र चार सेकंदांत लिहून देते, मराठीतही बऱ्यापैकी लिहिते. शब्दाला पंचवीस पैसे देणारा माणूस ते फुकट मिळत असताना कशाला देईल? माझ्या ओळखीतल्या दोन मुलांचे अनुवादाचे काम असेच आटले. आता त्यांना यंत्राने केलेला अनुवाद ‘फक्त तपासायला’ देतात, पूर्वीच्या निम्म्याहून कमी दराने. तपासायला वेळ मात्र जवळजवळ तेवढाच लागतो. जे लेखन कोणाच्याही नावाचे नव्हते, ते यंत्राच्या नावावर गेले.

स्वतःच्या रानाची गोष्ट वेगळी. तिथे पीक उशिरा येते, कधी येतच नाही, पण रान आपले राहते. मराठीला ही सोय तशी अलीकडची. गूगलने डिसेंबर २०१४ मध्ये हिंदी संकेतस्थळांवर जाहिराती देणे सुरू केले. मराठीची पाळी यायला आणखी काही वर्षे गेली. बंगळुरूची ‘प्रतिलिपि’ २०१४ मध्ये सुरू झाली. तिथे कथा-कादंबऱ्या क्रमशः लिहिता येतात आणि वाचकांच्या वर्गणीतला वाटा लेखकाला मिळतो. म्हणजे हरिभाऊंचीच पद्धत, फक्त आठवड्याची वाट नाही. २०१६ च्या डिसेंबरात अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर मराठी पुस्तके आली. तिथे लेखक स्वतःच प्रकाशक होऊ शकतो आणि त्याला किमतीच्या ३५ टक्के, काही अटी पाळल्या तर ७० टक्के मिळतात. छापील पुस्तकावर दहा-पंधरा टक्क्यांची सवय असलेल्या आम्हाला हा आकडा आधी छपाईची चूक वाटला. २०१७ मध्ये स्वीडनची स्टोरीटेल भारतात आली आणि मराठी लेखकांकडून ऐकण्यासाठी म्हणून कथा लिहवून घेऊ लागली.

टक्के मोठे दिसले तरी ते कशाचे, हे पाहावे लागते. एकोणपन्नास रुपयांच्या पुस्तकाच्या दहा प्रती खपल्या तर सत्तर टक्क्यांनी साडेतीनशे रुपयेसुद्धा होत नाहीत. गूगलकडे जाहिरातीचे शंभर डॉलर साठल्याशिवाय पैसे खात्यात येत नाहीत. त्याआधी, दहा डॉलर झाले की पत्त्याची खात्री करण्यासाठी ते टपालाने एक पिन क्रमांक पाठवतात. सगळा कारभार हवेतून चालवणारी जगातली एवढी मोठी कंपनी शेवटी पोस्टमनवर विसंबते, ही गंमत मला फार आवडते. आमच्याकडच्या एका मुलीचे ते पत्र दोनदा वाटेतच हरवले. तिसऱ्यांदा तिने पत्त्यात घराशेजारच्या मारुती मंदिराची खूण घातली, तेव्हा कुठे आले.

यशाच्या कथा आपल्याकडे कशा पसरतात ते आम्ही टोमॅटोत पाहिले आहे. २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांवर भाव गेला. जुन्नर तालुक्यात एका हंगामात कोटीच्या घरात पैसा केल्याच्या बातम्या देशभर छापून आल्या. सप्टेंबरात तोच टोमॅटो लोकांनी बाजारात ओतून दिला. त्याची बातमी आतल्या पानावर आली. ‘लिहून महिना लाख’ ही जुलैची बातमी आहे. ती खोटी नाही. पण लागवड तिच्यावर करू नये.

टोमॅटोवाल्याजवळ मात्र एक गोष्ट असते, जी मराठी लेखकाजवळ नसते. पट्टी. किती क्रेट उतरले, काय भावाने गेले, हमाली-तोलाई किती कापली, हाती किती आले, हे सगळे आडत्या कागदावर लिहून देतो. पट्टी पाहून भांडता तरी येते. माझ्या एका कादंबरीच्या तीन आवृत्त्या निघाल्या आणि प्रकाशकाकडून हिशेबाचा कागद आला तो एकदाच, तोही मागितल्यावर. ऑनलाइन कंपन्यांच्या बाबतीत एवढे म्हणावे लागेल, की त्या रोजच्या रोज आकडा दाखवतात. आकडा लहान असतो, पण दिसतो.

आता मुद्द्याचे. रान कोणाच्या नावावर आहे, हे सातबाऱ्यावर पाहतात. लेखनाचा सातबारा म्हणजे १९५७ चा कॉपीराइट कायदा, आणि तो लेखकाच्या बाजूने आहे हे फार थोड्या लेखकांना माहीत असते. नोकरीचा भाग म्हणून लिहिले तर, उलट करार नसल्यास, हक्क मालकाचा. पण स्वतंत्रपणे लिहिणारा हाच आपल्या साहित्याचा पहिला मालक, आणि हा हक्क त्याच्या हयातीनंतरही साठ वर्षे टिकतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी. त्या कागदात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरलाच नाही, तर करारात वेगळे काही नसल्यास तो परत येतो. नोंदणी सक्तीची नाही. करायचीच तर एका साहित्यकृतीला पाचशे रुपये लागतात.

२०१२ च्या दुरुस्तीने यात आणखी एक कलम घातले. करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारात नव्हते, त्याचा हक्क त्या कराराने जात नाही. करारात त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख असेल तरच जातो. मला याचा उपयोग झाला. माझ्या जुन्या पुस्तकाचे ‘सर्व हक्क’ आपल्याकडे आहेत, असे सांगत एका प्रकाशकाने ते ऐकण्याच्या पुस्तकासाठी परस्पर देऊ केले होते. मी कलम लिहून पाठवले. उत्तर आले नाही, पण व्यवहारही पुढे सरकला नाही.

नव्या पोरांची अडचण वेगळी. त्यांच्यापुढे कागद येतच नाही. पडद्यावर चाळीस परिच्छेद इंग्रजीत येतात आणि खाली ‘मी सहमत आहे’ असे बटण असते. ते दाबण्यापूर्वी मी दोनच गोष्टी शोधायला सांगतो. ते हक्क विकत घेतात की वापरण्याची परवानगी घेतात? म्हणजे खरेदीखत की खंड? आणि ती परवानगी फक्त त्यांनाच आहे की आपण तेच लेखन इतरत्रही देऊ शकतो? किंडलच्या ७० टक्क्यांमागे हीच अट आहे : भारतातल्या विक्रीवर तो दर हवा असेल तर पुस्तक नव्वद-नव्वद दिवसांच्या मुदतीने फक्त त्यांच्याकडेच ठेवावे लागते. वाईट अट नाही, पण माहीत असावी. कथेवर मालिका, चित्रपट किंवा श्राव्य रूप करण्याचा हक्क त्याच बटणाखाली चालला असेल, तर मग विचार करावा. एखादी कथा वाचली जाते हजारांत आणि विकली जाते त्या एका ओळीत.

मजुरीच्या कामात तरी उधारी टाळता येते का? नारायणगावात पाडव्याच्या सुमाराला तमाशाच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रेवाले येतात, सुपारी ठरते, तारीख आणि रक्कम लिहिली जाते आणि इसार घेतल्याशिवाय फडाची गाडी हलत नाही. आपल्या परिसरातला कलेचा हा सर्वांत चोख व्यवहार आहे. निम्मे पैसे आधी मागायला संकोचणाऱ्या पदवीधराने एकदा त्या राहुटीत जाऊन बसावे. शिवाय एक सरकारी सोय आहे. एकट्याने सेवा देणाऱ्यालाही उद्यम नोंदणी विनाशुल्क करता येते, आणि २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्याने अशा नोंदलेल्याचे पैसे, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावे लागतात. नाही तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. मोठ्या कंपनीला एवढे पत्रात लिहिले तरी बहुधा पुरते.

फसवणुकीबद्दल थोडेच, कारण ते साधे आहे. काम देणारा कधी काम घेणाऱ्याकडून पैसे मागत नाही. ‘टायपिंगच्या कामा’साठी नोंदणी फी मागतात, मग चुका काढून वकिलाच्या नावाने करारभंगाची नोटीस पाठवून आणखी मागतात. त्या नोटिशीला भिऊन आईच्या खात्यातले पैसे भरणारी मुले आहेत. भरू नयेत, १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

राहता राहिली बँक. पगाराची स्लिप नसलेल्या माणसाला कर्ज देताना अधिकारी त्याचे विवरणपत्र पाहतो. कंपन्या बहुतेक दहा टक्के कर कापून पैसे पाठवतात. मुलांना वाटते तो गेला. उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो, आणि तेच विवरणपत्र पुढे लेखकाची पत ठरवते. मंदिराची खूण घालून पत्र मिळवलेली ती मुलगी आता दोन ठिकाणी क्रमशः कथा लिहिते. पैसे फार नाहीत, पण दर महिन्याला येतात. तिला संगणकासाठी कर्ज हवे आहे. शाखेत तीन वर्षांची विवरणपत्रे मागितली. तिच्याकडे दोन आहेत. तिसरे आम्ही या रविवारी दुपारी बसून भरणार आहोत.