चकाकतं ते सगळं ‘प्रूफ’ नाणं नसतं

वैष्णोदेवीचं नाणं घरात असेल तर दहा लाख मिळतील, हा मेसेज डहाणू-तलासरीतल्या मोबाइलपर्यंतही पोहोचतो. हे नाणं २०१२ सालचं, पाच आणि दहा रुपयांचं. दोन्ही चलनात आली, आजही सुट्ट्या पैशांत सापडतात. मग दहा लाख कशाचे? तर म्हणे नाणं ‘प्रूफ’ आहे! शब्द खरा आहे, पण तो खिशातल्या नाण्याला लागू होत नाही.

प्रूफ म्हणजे नाणं किती नवं दिसतं ते नव्हे, ते कसं पाडलं ते. टांकसाळीत ठसा आणि कोरी चकती दोन्ही पॉलिश करतात आणि जास्त दाबाने एकाहून अधिक वेळा ठसा उमटवतात. त्यामुळे मोकळा भाग आरशासारखा होतो. चित्र आणि अक्षरं बहुधा दुधी ठेवलेली असतात. मोबाइलच्या टॉर्चखाली नाणं तिरपं धरलं की मोकळा भाग काळाभोर दिसतो आणि चित्र पांढरं उठून येतं. ‘अनसर्क्युलेटेड’ नाणं वेगळं. तेही कोरंच, पण साध्या पद्धतीने पाडलेलं. फिरवलं की त्यावर उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात, मात्र त्यात चेहरा स्वच्छ दिसत नाही.

सालाखालची खूणही पाहावी. मुंबई टांकसाळीच्या साध्या नाण्यावर चौकट असते. प्रूफवर आधी ‘बी’ होता, नंतर ‘एम’ आला. पण नुसता ‘एम’ पाहून हुरळू नये. १९९०च्या दशकात काही भारतीय नाणी मेक्सिकोत पाडली गेली, त्यांच्यावर ‘ओ’खाली ‘एम’ आहे आणि ती साधीच नाणी आहेत.

खरं नुकसान मात्र घरातच होतं. आजीच्या ठेवणीतला राणीछाप रुपया चिंचेने किंवा दंतमंजनाने घासला जातो, ‘चमकला तर भाव येईल’ म्हणून. होतं उलटंच. बारीक ओरखडे पडतात, अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि चित्रासकट सगळं एकसारखं चकाकतं. प्रूफमध्ये बहुधा असं होत नाही. संग्राहक असं नाणं लगेच ओळखतो, मग हाती चांदीचाच भाव उरतो. काळवंडलेला रुपया तसाच राहू द्यावा.

चांदी तरी आहे का, हे आधी पाहावं. ब्रिटिशकालीन रुपयाचं वजन सुमारे ११.६६ ग्रॅम. त्यात आधी जवळपास ९२ टक्के चांदी होती, १९४०पासून ती निम्म्यावर आली. १९४७चा रुपया तर निकेलचा, लोहचुंबकाला चिकटतो. राजाचा मुखवटा तोच असल्याने अनेक जण फसतात.

‘आधी नोंदणी शुल्क भरा’ असं कोणी म्हणालं की बोलणं तिथेच थांबवावं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्येच स्पष्ट केलं आहे, की ती जुन्या नाण्या-नोटांचा असा व्यवहार करत नाही, त्यावर कमिशन घेत नाही आणि तसा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही. तरी मेसेज थांबलेले नाहीत. सरकारी टांकसाळ प्रूफ संच विकते, तेव्हा त्याच्यासोबत दोन ओळी ओळखीच्या मराठीत छापायला काय हरकत आहे?

पैसे गेलेच असतील, तर १९३० या सायबर हेल्पलाइनला त्याच तासात फोन करावा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत पांगते.