“कुणीतरी पुढे या!”



उपासना संपता संपता पाळकसाहेब जाहीर करतात, “संडेस्कूलसाठी शिक्षिका हव्यात. ज्यांना शक्य असेल त्यांनी पुढे यावं.” की लगेच आम्ही सगळ्या बायका मान खाली घालून पर्समध्ये किल्ली शोधू लागतो! मीही शोधली आहे. नाताळचं नाटक, आजाऱ्यांच्या भेटी, प्रीतिभोजनाची भांडी, कामं ढीगभर आणि हात मात्र तेच चार.

मग आपण काय करतो? जी ‘हो’ म्हणते, तिच्याच गळ्यात आणखी एक काम बांधतो. हा अपराध माझ्याच हातून घडला. आमच्या शेजारच्या वहिनी लहान मुलांचा वर्ग घेत. त्यांच्याकडे मी आधी वेदीवरची फुलं सोपवली, मग महिला मंडळाची वर्गणी. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. तरी वहिनी कधी ‘नाही’ म्हणाल्या नाहीत. एका रविवारी आल्या नाहीत, आणि पुढे उपासनेलाच येईनाशा झाल्या. काम सोडायची लाज वाटली, म्हणून बाईनं चर्चच सोडलं! भेटायला गेले तेव्हा म्हणाल्या, “थकलात का, एवढं कुणी विचारेल म्हणून वर्षभर वाट पाहिली हो.” मला उत्तर सुचलं नाही.

आता मी जाहीर हाकेवर विसंबत नाही. घरी जाते, चहा घेते आणि नेमकं विचारते, “तुमचं अक्षर सुरेख आहे. नाताळपर्यंत सहा रविवार, पाऊण तास, मुलांसाठी फळ्यावर वचन लिहाल का? सोबतीला मी आहे.” मुदत ठरलेली असली की थांबणारीलाही ताठ मानेनं थांबता येतं. खडू-कागदाचे पैसे तिच्या पर्समधून जाऊ देऊ नयेत. आणि हो, रविवारच्या स्वयंपाकाचं काय, हे तिच्या यजमानांसमोरच विचारावं! निम्मी गाडी तिथंच अडलेली असते.

“मला नाही बाई जमायचं,” म्हणणारीला मी मेरी समनरबाईंची गोष्ट सांगते. इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या धर्मगुरूंची ही पत्नी. १८७६ साली तिनं गावातल्या आयांची सभा बोलावली. पण ऐन वेळी धीर असा खचला, की तोंडातून शब्द फुटेना. ‘पुढच्या आठवड्यात या,’ म्हणून तिनं बायकांना परत पाठवलं. पुढच्या आठवड्यात मात्र बोलली. त्यातूनच ‘मदर्स युनियन’ उभी राहिली, आणि आज ती कितीतरी देशांत पसरली आहे.

वहिनींकडे परवा पुन्हा गेले होते. वर्गाचा विषय काढला नाही, नुसती बसले. निघताना त्यांनीच विचारलं, “यंदा नाटकाचे कपडे कोण शिवतंय?”

“बघू,” मी म्हटलं, “अजून वेळ आहे.”