जलपर्णीला कमळ समजू नका

विजापूर रस्त्यावरचा आपला संभाजी तलाव, म्हणजे जुन्या माणसांचा कंबर तलाव, जलपर्णीने झाकला गेला तेव्हा काठावर उभं राहून कौतुक करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. ‘अगंबाई, किती ही कमळं!’ पण मैत्रिणींनो, ती कमळं नव्हती. कुणीतरी ‘जलपर्णी’ असं गोड नाव ठेवलं आणि तिथेच घोटाळा झाला. आपल्याकडे ओढ्याकाठच्या त्या जांभळ्या फुलांच्या झुडपाला लोकांनी सरळ ‘बेशरम’ म्हटलं, म्हणून ते कुणी हौसेनं कुंडीत लावत नाही. हिचं मात्र फूल बघून आपण भुलतो.

ओळखायला ती अवघड नाही. कमळाचं पान मोठं, गोल आणि मऊसर असतं. त्यावर पाणी टाकलं तर मोत्यासारखं घरंगळतं, आणि देठ पानाच्या अगदी मधोमध जोडलेला असतो. कमळाचं मूळ चिखलात रुतलेलं. जलपर्णी तशी रुतून बसत नाही, वाऱ्यासरशी या काठावरून त्या काठाला जाते. तिचं पान चकचकीत, देठ खाली फुगीर. तो दाबून बघा, स्पंजासारखा लागेल. खाली काळपट मुळांचा झुपका लोंबतो. फुलं फिकट जांभळी, एका दांड्यावर घोसाने येतात आणि वरच्या पाकळीवर निळ्यात पिवळा ठिपका, मोरपिसावर असतो तसा. दिसतं सुंदर, यात वाद नाही.

आणि या सुंदर दिसण्यानेच ती जगभर पोचली. तिचं माहेर दक्षिण अमेरिकेत, ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात. तिथे तिला खाणारे किडे आहेत, म्हणून ती आवाक्यात राहते. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला 1884 साली भरलेल्या प्रदर्शनातून लोकांनी ती घरच्या तळ्यासाठी नेली, असं सांगतात. आपल्या देशात ती 19व्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आली, तीही बागेची शोभा म्हणूनच. पुढे तिथल्या नद्या-खाड्यांत होड्या चालेनात, भातशेती बुडू लागली. शेवटी 1936 साली बंगाल सरकारला तिच्यासाठी खास कायदा करावा लागला. एका फुलझाडासाठी कायदा! युरोपीय संघाने तर 2016 पासून तिच्या विक्रीवर बंदी घातली आहे.

आपल्याकडे मात्र घराच्या गच्चीवर टब ठेवून त्यात ती सोडायची हौस अजून आहे. चार रोपं आणली की पंधरा दिवसांत आठ होतात. मग जास्तीची कुठे टाकायची? गटारीत, ओढ्यात, नाहीतर गावच्या विहिरीत. माझं म्हणणं एवढंच आहे की हे थांबवणं आपल्या हातात आहे, यंत्रं लावून काढणं नाही. एकदा पसरली की बी तळाच्या गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. वरचं सगळं काढलं तरी ती परत येते, म्हणून लाखो रुपये पाण्यात जातात.

तिचं पोट कशावर भरतं, तेही बघा. सांडपाण्यावर. पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं. त्याच उजनीचं पाणी आपण सोलापूरकर पितो. पुण्याला नावं ठेवणं सोपं आहे, पण आपल्या मोरीचं पाणी कुठल्या नाल्यात जातं, हे किती जणींना ठाऊक आहे? जलपर्णीचा थर दाट झाला की खालच्या पाण्यात ऊन पोचत नाही, प्राणवायू कमी होतो, मासे मरतात. जाळं टाकून पोट भरणाऱ्या घरात चूल कशी पेटायची?

आता बचत गटांच्या बैठकीत कुणीतरी उत्साहाने म्हणतं, ‘जलपर्णीच्या टोपल्या, चटया करून विकू या की.’ करा, मी नाही म्हणत नाही. पण हिशेब मांडून करा. या वनस्पतीत शंभरातले नव्वद-पंच्याण्णव भाग पाणीच. वीस किलो ओली वाळवली तर जेमतेम किलो-दीड किलो हाती लागते. तळं रिकामं करायला किती टोपल्या विणाव्या लागतील! आणि तिच्यावर रोजगार उभा राहिला की ती संपावी असं कुणाला वाटेल? मला तरी हे पटत नाही. शिवाय ती गटाराच्या पाण्यातले जड धातू शोषून घेते, म्हणून कारखान्याच्या किंवा नाल्याच्या पाण्यातली जनावरांपुढे टाकू नका.

तुमच्या टबात ती असेल तर फुलं यायच्या आत उपसा. फरशीवर किंवा कोरड्या गच्चीवर कडक उन्हात पसरा, अगदी कुरकुरीत होऊन चुरा होईपर्यंत. सोलापूरच्या उन्हाला काय तोटा! टबाचं पाणी गटारीत न ओतता झाडांच्या मुळाशी, तेही गाळून. आणि हौस असेलच तर रोपवाटिकेत जाऊन कमळाचा कंद मागा. देताना ते हलकी, तरंगती रोपं पुढे करू लागले, तर आधी देठ दाबून बघा.